पाणी पिण्यास योग्य आहे

पाणी हे जीवन आहे, याबाबत कोणत्याही खात्यात दुमत नाही. दुमत आहे ते हे जीवन किती दिवसांनी बदलावे, एवढ्यापुरतेच. शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयातील मुख्य तपासनीसांसमोर हा प्रश्न आला, तेव्हा त्यांच्या नोकरीला सव्वीस वर्षे झाली होती आणि तोवर त्यांच्यासमोर एकही प्रश्न आलेला नव्हता.

त्यांचे काम जबाबदारीचे होते. दर सोमवारी शहराच्या निरनिराळ्या भागांतून पाण्याच्या आठ बाटल्या टेबलावर येत. ते एकेक बाटली खिडकीसमोर धरत. पाण्यातून खिडकी दिसली, की ‘पाणी पिण्यास योग्य आहे’ या ओळीखाली सही. (खिडकी दिसली नाही, तर आधी खिडकी पुसून घ्यायची पद्धत होती. उगाच पाण्यावर ठपका ठेवणे त्यांच्या स्वभावात नव्हते.) तपासणीचे एक यंत्रही होते, पण वापरून खराब होईल म्हणून ते खोक्यातून कधी काढले नव्हते. सव्वीस वर्षांत दहा हजार आठशे बाटल्या तपासल्या गेल्या, त्यांपैकी नापास शून्य. असा निकाल शहरातल्या एकाही शाळेचा लागत नसे.

त्यांची मुलगी तिसरीत होती. एकुलती एक, उशिरा झालेली, बापाचा जीव की प्राण. त्या वर्षी ती महिनाभर पोटाने आजारी होती. डॉक्टर म्हणाले, पाण्यामुळे. तपासनीसांनी डॉक्टर बदलला. ती बरी झाली तेव्हा तिला बक्षीस म्हणून काचेची टाकी आणि सहा मासे आणले, आणि प्रश्न उभा राहिला.

दुकानदाराचे म्हणणे पडले, आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, कधीच बदलू नका, तळ्याचे पाणी कोण बदलायला जातो? मेहुण्याचे मत असे, की रोज सगळे पाणी बदलावे, आपण नाही का रोज आंघोळ करत? (मेहुणा स्वतः या बाबतीत नियमित नव्हता.) तीन मते आली की सरासरी काढायची, हा कार्यालयाचा शिरस्ता. त्यानुसार आठवड्याला दोन पूर्णांक चार दशांश टाक्या पाणी बदलण्याचे ठरले आणि तसा तक्ता फ्रिजवर लागला. बायकोने तक्ता वाचला, नवऱ्याकडे पाहिले आणि भाजी चिरायला घेतली.

रविवारी सकाळी पहिला पाणीबदल झाला. संध्याकाळी तीन मासे पोट वर करून तरंगत होते. ते विश्रांती घेत आहेत, असे तपासनीसांचे प्राथमिक मत होते. मुलीला ते पटले नाही. ती जेवलीच नाही.

दुकानदाराने विचारले, पाणी कुठले घातले? नळाचे, असे ऐकल्यावर त्याने हातातली जाळी खाली ठेवली.

“साहेब, थेट नळाचं? अहो, त्यात क्लोरीन असतं. बादली दिवसभर उघडी ठेवायची, मग घालायचं.”

आपल्या पाण्यात क्लोरीन असते हे ऐकून तपासनीसांचा ऊर भरून आला. त्यांना स्वतःला याची एवढी खात्री नव्हती. त्यांनी बादली दोन दिवस उघडी ठेवली. त्या पाण्याने आणखी दोन मासे गेले, आणि त्यात क्लोरीनचा काही दोष नव्हता.

आता दुकानदाराने तपासणीच्या कागदी पट्ट्यांची डबी दिली. पट्टी पाण्यात बुडवायची आणि तिचा रंग डबीवरच्या तक्त्याशी ताडून पाहायचा. घरच्या नळाखाली धरलेल्या पट्टीला जो रंग आला, तो तक्त्यात कुठेच नव्हता. दुकानदाराने ती उजेडात धरून पाहिली आणि सांगितले, हे माशांना चालायचे नाही, कॅनचे पाणी आणा.

कॅन आला. त्यावर ‘फक्त माशासाठी’ अशी चिठ्ठी लागली. उरलेला एकुलता एक मासा दोन दिवसांत टुणटुणीत झाला. कुटुंब प्रमाणित पाणी पीत राहिले.

एका दुपारी मुलगी पेला घेऊन टाकीपाशी गेली आणि तिने तो टाकीत बुडवला. तपासनीसांनी धावत जाऊन तिचा हात धरला.

“अगं, माशाचं पाणी पितेस?”

“पण बाबा, तो जिवंत आहे ना त्यात.”

त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. आजारपणाच्या त्या महिन्यातले तिचे सुकलेले तोंड त्यांना आठवले. त्यांनी पेला ओतून दिला, विसळला आणि कॅनमधून भरून तिच्या हातात दिला. तेव्हापासून ती कॅनचेच पाणी पिऊ लागली. (याची नोंद कुठेही नाही.)

सोमवारी आठ बाटल्या आल्या. तपासनीसांनी खिशातून पट्ट्या काढल्या. आठही पट्ट्यांना तोच रंग आला. पेन हातात तसेच राहिले. नापास करावे, तर आधीच्या दहा हजार आठशे सह्यांचे काय? निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. सही करावी, तर डोळ्यांसमोरून तो पेला हलेना. तासाभराने त्यांनी लिहिले, ‘पाणी पिण्यास योग्य आहे (मासे वगळून).’

वरिष्ठांनी या काटेकोरपणाचे कौतुक केले. सुधारित प्रमाणपत्र पाणीपट्टीच्या बिलामागे ठळक अक्षरांत छापून एक्केचाळीस हजार घरांत गेले. आता कोणीतरी जाब विचारील, आणि विचारलाच तर सगळे खरे सांगून टाकायचे, असे तपासनीसांनी मनाशी पक्के केले होते. आठवडाभर ते फोनजवळून उठले नाहीत, जेवणाचा डबासुद्धा तिथेच उघडला.

एकूण सतरा फोन आले. सतराही जणांनी एकच गोष्ट विचारली, की मग माशांना कुठले पाणी घालायचे? तपासनीसांनी प्रत्येकाला कॅनचे पाणी घालायला सांगितले.

आपल्यालाही हेच विचारायचे असेल, तर कृपया फोन ठेवू नये. आपला क्रमांक अठरावा आहे. तोवर घोटभर पाणी प्यायला हरकत नाही.