ओसाकाच्या भावानं केळं

आमच्या आगाशी गावात सकाळी कोंबडे आरवत नसत. त्यांना संधीच मिळत नसे. ते घसा साफ करेपर्यंत शेजारच्या भास्करतात्या राऊतांची हाक माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीवर येऊन आदळे.

"बँकवाल्या! येन काय म्हणतो?"

आवाज असा, की तिकडे अर्नाळ्याच्या किल्ल्यावरची कबुतरं उडत. आणि सूर असा, की येन नावाचे कुणी गृहस्थ शेजारी तापानं फणफणलेत आणि मी रात्रभर त्यांच्या उशाशी बसून घड्या बदलतोय.

मी तेव्हा बँकेच्या तुळिंज शाखेत पासबुकं भरायचो. येन म्हणजे जपानचा रुपया; आणि जपानशी माझा संबंध एवढाच, की माझं मनगटी घड्याळ तिकडचं होतं. तेही बंद. पण तात्यांच्या लेखी बँक म्हणजे बँक. "तू आतला माणूस. साहेबांच्या कानावर घालून बघ ना जरा," असं ते मला डोळा मारून सांगत. जणू आमचे साहेब दुपारचा डबा खाऊन झाला की जगाचे भाव ठरवायला बसतात!

या सगळ्याचं मूळ ओसाकात होतं. तात्यांचा एकुलता एक मुलगा सुहास इंजिनियर. मुंबईच्या कंपनीनं त्याला तिकडे पाठवला. पगार डॉलरात, तोही बांधलेला; खोलीचं भाडं, तांदूळ, कोबी मात्र येनमध्ये. येन महागला की तोच पगार धुतलेल्या बनियनसारखा आखडायचा. जाताना तात्यांच्या केळीच्या वाडीच्या फाटकाशी सुहास म्हणाला होता, "परवडलं नाही तर सरळ परत येईन, तात्या."

या एका वाक्यानं घराची फाळणी झाली. मुलगा पोटभर जेवावा म्हणून तात्यांना येन उतरायला हवा होता. मुलगा घरी यावा म्हणून त्याच्या आईला, मालूकाकींना, तो चढायला हवा होता. एका छपराखाली दोन पक्ष, आणि मी बिचारा निकाल वाचणारा.

सुरुवातीला तात्यांचा गणितात जरा घोळ होता. पेपरात डॉलरपुढे येनचा आकडा छापून येई. एकदा तो दणकून खाली आला. तात्यांनी आगाशीच्या बाजारातून पेढे आणले आणि आळीभर वाटले. शेवटचा पेढा माझा. तो तोंडात असताना मी म्हणालो, "तात्या, आकडा उतरला म्हणजे एका डॉलरला येन कमी मिळणार. येन महागला. सुहासचा पगार आटला."

तात्यांनी माझ्या तोंडातल्या पेढ्याकडे बघितलं. मग उठले आणि पेढे परत मागायला निघाले. खोटं सांगत नाही, मी मागोमाग होतो. पाटलांकडून दोन आले, वर्तकांकडून एक अर्धा, दातांच्या खुणांसकट.

त्या दिवसापासून तात्यांनी घरात ओसाका लागू केलं. येन चढला की पंखा बंद. आणखी चढला की चहातलं दूध बंद. "पोरगा तिकडे केळ्याकडे नुसता बघून पुढे जातो, आणि मी इथे फणी सोलून बसू?"

काकी ओट्यावरून कडाडत, "वाडीत घड पिकून फुटताहेत, वटवाघळं खाऊन अजीर्णानं मरताहेत, आणि हा माणूस ओसाकाच्या भावानं केळं खातो!"

अर्नाळ्याची हिरूबाय कोळीण दर दोन दिवसांनी टोपली घेऊन यायची. एक फणी केळी, एक वाटा बोंबील, हा सौदा तिच्या सासूपासून चालत आलेला. येन फार चढला तेव्हा तात्यांनी तो दरही हलवायला घेतला. "हिरूबाय, जगात सगळं बदललंय. आता अर्ध्या फणीला एक वाटा."

हिरूबायनं टोपली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले. "दर्यात पानी कोन ओततं, तुजा जपान? माजा बोंबील काय इमानातून येतो? उद्या मी भरतीचा भाव लावीन, मंग रडशील, म्हाताऱ्या!"

तात्यांनी मुकाट अख्खी फणी दिली. वर दोन केळी शांतता राखण्यासाठी.

इकडे काकी सोमवारी देवळात नारळ फोडू लागल्या. तात्यांना सुगावा लागला. "पोराच्या पोटावर उठलीस? आणि देवाला येन म्हणजे काय ते तरी सांगितलंस का?"

"सांगितलं. म्हटलं, सुहासला घरी आणेल ते."

तात्या उठून वाडीत पाणी सोडायला गेले. पाऊस पडत असताना.

त्या वर्षी काकींचा पक्ष जिंकणार अशीच लक्षणं होती. सुहास फोनवर म्हणाला, खोली सोडून आणखी लहान खोलीत गेलोय, पाय लांब केले की भिंत लागते. तात्या दिवसातून तीनदा खिडकीखाली येऊ लागले. काकींनी लोणच्याची बरणी जास्तीची भरली.

आणि मग येन घसरला. कुणाच्या नारळाला न जुमानता, आठवडेच्या आठवडे घसरत गेला.

रविवारी दुपारी सुहासचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. आता ऐसपैस परवडतं, तो म्हणाला; मोठी खोली घेतोय, कंपनीला आणखी तीन वर्षांचा होकार दिलाय.

"शाब्बास!" तात्या ओरडले. "राहा! दोन-दोन अंडी खा! आमची काळजी नको, आम्ही मजेत!" फोन ठेवून त्यांनी टाळी वाजवली. काकी आत निघून गेल्या. मोरीत भांडी वाजली, घासलेलीच.

तात्या मला हळूच म्हणाले, "चल, जरा हात दे."

मला ते माळ्यावर घेऊन गेले. तिथली खोली मी कधी पाहिली नव्हती. भिंतींना ताजा रंग, खिडकीला नवी जाळी, टेबलावर दिवा, आणि खाटेवर कोरी गादी, प्लास्टिकसकट.

"हे कधी केलंत?"

"येन चढला होता ना, तेव्हा."

"म्हणजे तुम्हीसुद्धा..."

"हळू बोल. काकीला सांगितलं, वर केळी पिकत घातलीत. तिनं बघितलं असतं तर आशा लावून बसली असती." त्यांनी गादीचं एक टोक उचललं. "पडून वाया जाईल. तिची पाठ दुखते. तिच्या खाटेवर टाकू. तू सांग, बँकेनं भेट दिली."

"बँक गाद्या देत नाही, तात्या. कॅलेंडर देते."

"या वर्षी देते. उचल."

जिन्यात दोनदा अडकत आम्ही ती खाली आणली आणि काकींच्या खाटेवर टाकली. काकी पदराला हात पुसत आल्या.

"बँकेकडून," मी म्हणालो. "जुन्या खातेदारांना."

काकींनी गादीवरून तळवा फिरवला. पायथ्याशी ती खाटेच्या बाहेर चांगली हातभर लोंबत होती. त्या लोंबत्या टोकाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग तात्यांकडे. तात्या छपराची कौलं मोजत होते.

"तुमच्या बँकेला," काकी मला म्हणाल्या, "सुहासची उंची बरी ठाऊक!"

आणि त्यांनी ते टोक अलगद आत दुमडून घेतलं.