दारोदार फिरलेलं गाणं

"कोण गाढव हे गाणं म्हणून राहिलंय?" व्यंकटीने चहाची बशी खाली आपटली. "नाकात गातंय, तालाला लंगडतंय. माझ्या गाण्याचं पार वाटोळं केलं."

उमरीच्या त्या गल्लीत घंटागाडी शिरली होती आणि तिच्या टपावरचा भोंगा गळा काढून गात होता:

दारात आलो तुझ्या, बाहेर ये गं राणी,
हातात घेऊन ये काही तरी निशाणी.

आणि गल्लीतल्या झाडून साऱ्या राण्या एका हातात ओला, दुसऱ्या हातात सुका कचरा घेऊन बाहेर येत होत्या.

व्यंकटीची बायको धुरपताबाई पदर सारखा करून, बादली घेऊन उंबऱ्यात केव्हाचीच उभी होती. "राहू द्या की," ती म्हणाली, "चांगलं तर वाजतंय."

"तुला काहीच वाटत न्हाई?"

"वाटतं की. आज गाडी उशिरा आली."

हे बोलणं व्यंकटीच्या काळजात कुसळासारखं रुतलं. कारण गाणं त्याने रचलं होतं ते हिच्याचसाठी. तरुणपणी भीमजयंतीला तो आपली गायन पार्टी घेऊन इस्लापूरला गेला होता. बायकांच्या पहिल्या रांगेत धुरपता दिसली आणि कार्यक्रम संपायच्या आत चाल तयार झाली. त्याने ती म्हटली तेव्हा सहस्रकुंडाचा धबधबा घटकाभर अडून राहिला होता, असं इस्लापूरचे लोक शपथेवर सांगतात. आणि सोयरीक जुळवायची वेळ सोडली तर इस्लापूरचे लोक सहसा खोटं बोलत नाहीत.

लग्नानंतर नांदेडला जाऊन त्याने गाण्याची कॅसेट भरली. कॅसेट खपली, आणि गाणं जे घराबाहेर पडलं ते कुणाचं म्हणून राहिलं नाही. लातूरच्या बँडवाल्यांनी ते इतकं पळवलं की नवरदेवाची घोडी मांडवात पोचायच्या आधी धापा टाकू लागली. एका भजनी मंडळाने राणीला उठवून तिच्या जागी महादेवाला बसवलं. निवडणुकीत दोन्ही बाजूंनी हीच चाल उचलली, त्यामुळे कोण कुणाला शिव्या देतंय याचा मतदारांना पत्ता लागेना. डीजेवाल्यांनी मधोमध ट्रकचा हॉर्न घातला. देवणीच्या शेषेरावांची गाय तर हे गाणं लावल्याशिवाय पान्हा सोडत नसे. एकदा लाईट गेली तेव्हा शेषेरावांनी स्वतः म्हणून पाहिलं. गाईने एक कडवं ऐकून घेतलं आणि मग लाथ घातली.

या साऱ्यांनी एक गोष्ट मात्र इमानाने केली. तिसरं कडवं गाळलं. त्यात धुरपताचं नाव होतं, आणि परक्याच्या बायकोचं नाव घेऊन ना वरात निघते ना भजन होतं.

अशात नांदेडच्या आरतीचा फोन आला. ही मुलगी जुन्या गाण्यांचा माग काढून त्यांचे व्हिडिओ करायची. "काका, तुमच्या गाण्याची अख्खी कहाणी करायची आहे. रविवारी सकाळी येते. तुम्ही मूळ चालीत म्हणायचं, काकूंनी समोर बसायचं."

व्यंकटी हरखला. इतक्या वर्षांनी तिसरं कडवं साऱ्या मुलखाला ऐकवायचं, तेही जिचं आहे तिच्या तोंडावर. पण लगेच त्याच्या डोळ्यांपुढे चित्र आलं: आपण पेटीवर बोट ठेवतोय, पहिली ओळ निघतेय, आणि धुरपता सवयीने उठून बादली शोधतेय. ते काही नाही. रविवारच्या आत गाडीवरचं गाणं बंद झालंच पाहिजे.

घंटागाडी चालवणारा वीरभद्र चौकात भजी खात होता.

"ते गाणं काढ," व्यंकटी म्हणाला. "माझं हाय ते."

"हाव मामा, तुमचंच हाय. पण एकदा घरी तर इचारा."

"घरी काय इचारायचं? घरात मालक कोण हाय?"

वीरभद्रने उरलेलं भजं तोंडात कोंबलं. त्याचंही लग्न झालेलं होतं. त्याने गाडीतला पेनड्राईव्ह काढून दिला. व्यंकटीने घरी येऊन तो मागच्या आडात टाकला आणि किती तरी दिवसांनी पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी गाडी नवी ध्वनिफीत लावून आली. एक बाई कडक आवाजात म्हणत होती, "सर्व नागरिकांनी नोंद घ्यावी." गल्लीला वाटलं, लाईटबिलाची वसुली आली. धडाधड दारं लागली. शेजारच्या कस्तुराबाईंनी टीव्ही बंद केला आणि नातवंडांच्या तोंडावर हात ठेवले. गाडी रिकामी आली तशी रिकामी गेली.

कचरा साठला. वीरभद्रने मोबाईलवरून गाण्याचा डीजेवाला अवतार उतरवून घेतला. तो वाजताच पोरं बाहेर आली ती नाचतच. गाडी चौकात अडकली आणि दोघा जणांनी वीरभद्रला टोपी घालून नवरदेवाचा मामा केलं. मग त्याने भजनाचा अवतार लावला. बायका बाहेर आल्या, पण हातात नारळ आणि हळदकुंकू. त्यांनी गाडीच्या बंपरला ओवाळलं, कचरा देवाच्या गाडीत टाकायला कुणी धजेना. निवडणुकीच्या अवताराला तर गर्दीच गर्दी. सारेजण विचारू लागले, "घरकुलाचं काय झालं?" वीरभद्र गाडी मागे घेऊन पळाला.

शनिवारी वासाने गल्लीतली कुत्रीसुद्धा पाहुण्यांकडे राहायला गेली. कस्तुराबाई बायका घेऊन व्यंकटीच्या दारात उभ्या राहिल्या.

"भाऊजी, आडातलं ते काढा."

"ते आता निघतंय व्हय वैनी? गाळात गेलं."

"मग तुम्ही बसा गाडीवर. नरडं तर हाय ना जागेवर? का तेबी आडात टाकलं?"

व्यंकटीने आशेने आत पाहिलं. धुरपताबाई ज्वारी निवडत होती. "जावा की," ती मान वर न करता म्हणाली. "रिकामेच तर हाव."

आणि रविवारी सकाळी आरती नांदेडहून आली तेव्हा मूळ गायक घंटागाडीत वीरभद्रच्या शेजारी, हातात भोंग्याचा माईक धरून बसला होता. शरमेने कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आरतीने काही न विचारता मोबाईल सुरू केला आणि गाडीमागे चालू लागली.

व्यंकटीने पहिली ओळ म्हटली मात्र, गल्लीची दारं पटापट उघडली. बादल्या आल्या, डबे आले. कस्तुराबाई टोपली रिकामी करत म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं. जुनंच परत लावलं."

"जुनं कुठलं वैनी? मी म्हणून राहिलोय."

"आधीबी तुम्हीच व्हता की मामा," वीरभद्र म्हणाला.

"मी?"

"तुमच्या कॅसेटवरचंच व्हतं ते. पेनड्राईव्हमंदी घेताना कॅसेट गुंडाळली, म्हणून आवाज जरा नाकात अन् लंगडत यायचा. तिसऱ्या कडव्याच्या आधी ती तुटलीच. बाकी सारं तुमचंच."

व्यंकटीच्या हातातला माईक खाली आला. मुलखातल्या साऱ्या नकला त्याने सोसल्या होत्या, आणि शिव्या घातल्या त्या नेमक्या अस्सलाला. वर ते अस्सल गाणं आपल्याच हाताने आडात घातलं.

"कॅसेट कुणी दिली तुला?"

 वीरभद्रने गाडी थोडी पुढे घेऊन थांबवली. समोर उंबऱ्यात धुरपताबाई बादली घेऊन उभी होती.

"तू दिली?" व्यंकटीने विचारलं. माईक चालूच असल्यामुळे प्रश्न अख्ख्या गल्लीने ऐकला.

"मग कोण देणार? तुम्ही गाण्यातून रिटायर झाल्यापासून गुणगुणत बी न्हाईत. दारात येऊन रोज कुणी तरी म्हणावं ना."

"अगं, मी रोज त्याला गाढव म्हणत व्हतो."

"हाव. माझ्या माणसाला कुणी नावं ठेवलेली मला खपत न्हाईत. पण तुम्हीच ठेवून राहिला, मग भांडावं कुणाशी?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. व्यंकटी गाडीतून खाली उतरला. भोंग्याची वायर पुरली तेवढा तो उंबऱ्याजवळ गेला, आणि डोळे मिटून त्याने तिसरं कडवं म्हटलं:

सहस्रकुंडी पाणी पडं, कानांना दडे बसती,
धुरपताच्या बांगड्या तरी मला ऐकू येती.

आवाज एका जागी चिरकला, एका जागी मोडलाच. पण गल्लीत कुणी डबा आपटला नाही. आरतीने मोबाईल हळूच धुरपताबाईंकडे वळवला. "काकू, कसं वाटलं?"

धुरपताबाईने पदर सारखा केला.

"एका बारीनं काय कळतं? उद्या आणा म्हणावं गाडी, मग सांगते," ती म्हणाली, आणि काठोकाठ भरलेली बादली तशीच हातात घेऊन आत निघून गेली.