गळका मांडव

एलियास अष्टमकरने सासऱ्यांचं इनलँड लेटर तिसऱ्यांदा वाचलं, तरी मजकूर काही बदलला नाही. "मांडवाच्या सणाला भडगावला येतो. चार वर्षं तू पत्रातून ज्याचं वर्णन करतोस, तो मांडव एकदा डोळ्यांनी बघायचा आहे. तिथे धर्म पाळणं जमत नसेल तर संकोच करू नये. ठाण्याला बदली करून घ्यावी. आमची मागची खोली रिकामीच आहे."

मागच्या खोलीच्या नुसत्या उल्लेखाने एलियासला घाम फुटला. सासरे मोझेस पेझारकर निवृत्त हेडमास्तर होते आणि त्यांच्यापासून निवृत्ती फक्त शाळेला मिळाली होती. एलियास वीज मंडळात ज्युनिअर इंजिनिअर, आणि गावात ज्यूंचं घर त्याचं एकटंच. या सणात मांडव घालून त्यात जेवायचं असतं, हे त्याला माहीत होतं. पण तो मांडव त्याने आजवर फक्त पत्रात घातला होता आणि दर वर्षी दोन-दोन फुटांनी वाढवला होता.

"लिहिताना मला विचारलं होतंस?" बायको रिबेका म्हणाली. "गेल्या वर्षी तर तू झालरीसुद्धा लावल्यास."

"तुला जायचंय का त्या खोलीत?"

"मी त्या घरात बावीस वर्षं काढलीत," असं म्हणून ती कोयता शोधायला उठली.

घरमालक लोटननाना शेजारच्याच घरात राहत. मागे त्यांचं ज्वारीचं वावर होतं. पंचक्रोशीत छप्पर शाकारावं तर नानांनीच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मांडवच ना? दोन दिवसमा करी दिसू. तुम्ही बिनघोर ड्युटीवर जा."

संध्याकाळी एलियास परतला, तर अंगणातल्या निंबाखाली चार मेढी ठोकून तयार.

"नाना, वर झाड चालत नाही. उघडं आभाळ लागतं."

"सावली पाह्यजे, आसं तुम्हीच सांगं व्हतं ना?"

"सावली हवी, पण आपण घातलेल्या छपराची."

"आयती शे ती नही चालस?" नानांनी निंबाकडे दयेने पाहिलं आणि मेढी उपटल्या.

दुसऱ्या दिवशी मेढी उघड्यावर गेल्या. नानांच्या बायकोला, झुंबरबाईंना वाटलं, आपणही हातभार लावावा. त्यांनी कुंपणावरचा गिलक्याचा भलाथोरला वेल अलगद सोडवून मांडवावर चढवला. दिसायला हिरवागार देखणा झाला. एलियासने कपाळाला हात लावला.

"अक्का, मूळ जमिनीत असलेलं चालत नाही. तोडलेलंच लागतं."

"जित्ता येल नही चालस, आन् मरेल चालस? कसा देव शे तुम्हना?" झुंबरबाईंनी वेल उतरवला, आणि त्या दिवशी शेजारून येणारी कालवणाची वाटी आली नाही.

मग नानांनी कडबा काढला, मांडवाच्या तीन बाजू बंद केल्या आणि असं छप्पर शाकारलं, की आत भर दुपारी दिवा लावावा लागला असता.

"नाना, यातून चांदण्या दिसायला हव्यात."

"मंग पानी बी येई."

"येऊ दे. आलंच पाहिजे."

नाना शिडीवरून उतरले. "साहेब, मना हातनं छप्पर आजपावत गळनं नही. तुम्हना सासरा काय सांगी? लोटनना हात गया?"

एलियासने त्यांना अर्धा दिवस समजावलं. शेवटी त्याने स्वतःच पेंढ्या उपसून छप्पर विरळ केलं. घरच्या माणसाचं ऑपरेशन चालू असावं तसे नाना पाठ करून उभे राहिले.

सणाच्या दिवशी दुपारी एलियास सासऱ्यांना आणायला एस.टी. स्टँडवर गेला आणि पश्चिमेला ढग आले. मांडवाशी नाना एकटेच होते. पाहुणा भिजला तर चार लोक उद्या काय म्हणतील, या विचाराने त्यांचा जीव राहिना.

सूर्य बुडायला पंधरा मिनिटं असताना काळी टोपी घातलेले हेडमास्तर मांडवात शिरले.

"भिंती तीन. ठीक. मुळं?"

"नाहीत, बाबा."

"वर झाड?"

"नाही."

त्यांनी मान वर केली आणि बराच वेळ तशीच ठेवली. "एलियास, चांदण्यांच्या जागी मला 'युरिया, पन्नास किलो' असं दिसतंय."

नानांनी खताच्या बारा रिकाम्या गोण्या शिवून छपरावर अंथरल्या होत्या. "पाव्हना भिजी जातस ना," ते हळूच म्हणाले.

एलियासने स्टुलावर चढून गोणीचं टोक जोरात ओढलं. पण गाठ नानांची होती. गोण्या आल्या नाहीत, मांडव आला. मेढी, कडबा, युरिया आणि खाली एलियास. पुन्हा उभारायला वेळ नव्हता आणि सूर्य बुडाला की सण लागणार, मग कसलंही काम चालत नव्हतं.

हेडमास्तरांनी टोपीवरचं धाट काढलं. "ती मागची खोली..." त्यांनी सुरुवात केली. एलियासने ढिगाऱ्यातच डोळे मिटले.

झुंबरबाईंना मात्र पाहुणा उपाशी राहील याचीच काळजी. "आज पुनीव शे. दरसाल आपन वावरमा खोपमा बठतस ना, तठेच चाला. भरीत तयार शे."

"कुठली खोप?" हेडमास्तर थांबले.

नाना शरमले. "ती कसाले दखाडतीस पाव्हनाले? भटूनी चिमण्या हाकाले करेल शे. बठ्ठी गळस."

हेडमास्तर तोवर वावरात पोचलेही होते. तीन बाजूंनी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, वर ज्वारीची विरळ धाटं. राखणाऱ्या भटूला दुपारचं ऊन लागू नये म्हणून केलेला आडोसा. ते आत बसले, वर पाहिलं. धाटांच्या फटीत पहिली चांदणी आली होती.

"मुळं नाहीत, झाड नाही, सावलीसाठीच केलेली," ते बोटं मोजत म्हणाले. "शेतराखणीची खोप आमच्या शास्त्रात नाव घेऊन सांगितलीय. चालते." मग ते लेकीकडे वळले. "दर वर्षी याच पुनवेला इथे जेवता?"

"चार वर्षं, बाबा. यांची कोजागिरी असते ना."

"म्हणजे पत्रात लिहिलं ते खरंच होतं."

एलियासच्या छातीवरचा दगड उतरला. चार वर्षं मनापासून रंगवलेलं खोटं बसल्या जागी खरं निघालं होतं. त्याला इतकं बरं वाटलं, की तो प्रामाणिकपणे म्हणाला, "झालरी सोडून."

भरीत-भाकरी सुरू झाली. एक चुकार ढग आला आणि हेडमास्तरांच्या ताटात चार थेंब पडले. नाना गोणी आणायला उठले, तसा हेडमास्तरांनी त्यांचा हात धरला.

"बसा नाना. फार सुंदर गळतेय." त्यांनी भरिताचा मोठा घास घेतला, वाऱ्यावर हलणाऱ्या ज्वारीकडे पाहिलं आणि बऱ्याच दिवसांनी हसले. "ठाण्यात हे सुख नाही. तुमच्या घराला मागची खोली आहे का हो?"

"शे ना. कांदा भरेल शे. सकाय काढी टाकसू."

एलियासचा घास हातातच राहिला. "बाबा, ती खोली फार गळते," तो घाईघाईने म्हणाला.

लोटननाना ताठ झाले. गेले तीन दिवस त्यांनी काय-काय सोसलं होतं ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर आलं.

"कोन सांगं? तिले मी सोता शाकारेल शे," ते म्हणाले. "पाव्हना, तुम्ही दहा वरीस ऱ्हा. एक थेंब पडाव नही."