प्रभाग नऊचा उजवा हात

भादरखेडे नगरपंचायतीत निवडून आलेल्या सदस्याचा उजवा हात शपथविधीच्या दिवशी दुपारी बारा वाजता त्याच्या प्रभागाच्या ताब्यात जातो. पाच वर्षांनी तो परत मिळतो. मधल्या काळात सभेत हात वर जायचा की नाही, कोणत्या कागदावर सही करायची, हे प्रभागातल्या बहुसंख्य लोकांच्या मनात जे असेल त्यावर ठरतं. लोकांना काही कळवावं लागत नाही. त्यांच्या मनात आलं की हाताला समजतं. जेवण, आंघोळ, वेणीफणी ही कामं हात पूर्वीसारखीच करतो, कारण त्याबद्दल प्रभागात कुणाचं काही म्हणणं नसतं.

प्रभाग नऊमधून कुमुदिनी नेहेते निवडून आल्या होत्या. नदीवरच्या पुलाच्या तोंडाशी त्यांची पिठाची गिरणी होती. आपल्या उजव्या हाताचा त्यांना फार अभिमान होता. प्रभाग चारच्या सदस्याचा हात निम्मी सभा नुसता थरथरत राही आणि चहा आला की खाली पडे. प्रभाग अकराचा हात तर ठराव वाचून होण्याआधीच वर जाई. कुमुदताईंचा हात मात्र ठराव पूर्ण ऐके आणि मग कोपर न वाकवता सरळ वर जाई. भुसावळची बहीण राहायला आली तेव्हा त्यांनी तिला मुद्दाम प्रेक्षकांच्या बाकावर नेऊन बसवलं होतं. नळ, गटार, दिवे, दवाखान्याची वेळ, तीन वर्षांत एकदाही त्यांचं आणि हाताचं वाकडं आलं नाही. त्यामुळे हात आपलाच आहे असं त्यांना वाटायला लागलं होतं.

त्या वर्षी भाद्रपदात नदीला मोठं पाणी आलं. पाणी उतरल्यावर इंजिनिअर येऊन पूल बघून गेला आणि त्यानं लिहून दिलं की तिसऱ्या खांबाखालची माती वाहून गेली आहे, गर्दीचा भार तो पेलेल असं सांगता येत नाही. पूल बंद झाला. पलीकडच्या काठावर खंडोबाचं देऊळ, आणि मार्गशीर्षात तिथे तीन दिवसांची यात्रा. पूल बंद म्हणजे यात्रेकरू अकरा किलोमीटरच्या वळशानं महामार्गावरून जाणार, आणि पुलाच्या तोंडाशी असलेल्या प्रभाग नऊमधून माणूसच जाणार नाही. रेवड्यांची दुकानं, बांगड्यांची दुकानं, हॉटेलं, सायकलस्टँड, सगळं त्या वाटेवर.

नगरपंचायतीनं ठराव केला तर पूल यात्रेपुरता उघडता येत होता.

कुमुदताई एका सकाळी नदीत उतरल्या. साडीचा काचा मारून तिसऱ्या खांबापाशी गेल्या आणि खांबाखाली हात घातला. उजवा हात जाईना, म्हणून डावा घातला. तो खांद्यापर्यंत आत गेला आणि तरी त्याला काही लागलं नाही.

घरी येऊन त्या पाय धूत होत्या, तेवढ्यात उजवा हात आपोआप वर गेला आणि वरच राहिला.

“काय झालं?” त्यांचे यजमान प्रभाकरराव म्हणाले.

“लोकांना पूल उघडायचाय.”

“आणि तुला?”

“मला नाही.”

प्रभाकररावांनी हाताकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. “मग आता पोलकं कसं बदलणार?” एवढंच ते म्हणाले.

प्रभागात आठशे साठ मतदार होते. कुमुदताईंनी ठरवलं की प्रत्येकाला भेटायचं. सकाळी गिरणी प्रभाकररावांवर सोपवून त्या हात वर घेऊन निघत आणि दारोदार तिसऱ्या खांबाची हकिगत सांगत. एखाद्याला पटलं की हात ज्वारीच्या दाण्याएवढा खाली येई. पटलं नाही आणि तो नुसताच “बरं बघू” म्हणाला, तर हात जागचा हलत नसे. त्यामुळे कोण खरं बोलतंय हे दारातच कळे. लोकांना ते आवडलं नाही. बरेच जण बोलताना हाताकडे न बघता खाली बघत.

हाजराबी मण्यार यांचं बांगड्यांचं दुकान पुलापासून दुसरं. कुमुदताईंच्या लग्नाचा चुडा त्यांनीच भरला होता.

“ताई, खांबाचं तुम्ही सांगता ते खरं असेल,” हाजराबी म्हणाल्या. “पण माझं वर्ष त्या तीन दिवसांवर निघतं. मी खांबाखाली हात नाही घातला. मी दुकानात बसते.”

“चला मग, मी दाखवते.”

“नको. बघितलं तर पटेल. मग दुकानात बसून काय करू?”

हात तसूभरही हलला नाही. कुमुदताई थोडा वेळ पायरीवर बसल्या. हाजराबींनी पाणी दिलं, ते त्या डाव्या हातानं प्यायल्या आणि पुढच्या घरी गेल्या.

सभेच्या दिवशी सतरापैकी नऊच सदस्य हजर होते. लग्नसराई होती. नऊ म्हणजे गणपूर्ती जेमतेम होत होती. ठराव वाचला गेला. चार हात वर गेले, चार खाली राहिले. कुमुदताईंचा हात खांद्याच्या आसपास आडवा थांबला होता. मुख्याधिकारी भंगाळे कपाटातला लाकडी कोनमापक घेऊन त्यांच्या खुर्चीपाशी आले. पूर्ण वर म्हणजे एकशे ऐंशी, पूर्ण खाली म्हणजे शून्य, आणि नव्वदच्या पुढे गेला की हात बाजूचा, असा तिथला नियम आहे.

“त्र्याण्णव,” भंगाळे म्हणाले.

“तीन अंश म्हणजे किती माणसं?” नगराध्यक्ष वारके यांनी विचारलं.

“साधारण चौदा, साहेब.”

“चौदा तर चौदा. ठराव मंजूर झाल्याचं लिहून घ्या.”

“थांबा, वारकेभाऊ,” कुमुदताई म्हणाल्या. “माझं म्हणणं वेगळं आहे.”

“ताई, तुमचं म्हणणं मोजून झालं. लोकांनी तुम्हाला निवडून दिलंय.”

“नुसता हात हवा होता तर त्यांनी हातच निवडून दिला असता. बरोबर मला कशाला पाठवलं?”

सभागृहात हा मुद्दा पूर्वी कधी निघाला नव्हता. कुमुदताई उठून उभ्या राहिल्या.

“हात प्रभागाचा आहे,” त्या म्हणाल्या. “पाय माझे आहेत. मी सभेतून जाते.”

वारके यांनी भंगाळेंकडे पाहिलं. भंगाळेंनी नियमांचं पुस्तक उघडलं, दोन पानं मागे गेले, चार पुढे आले. “हाताबद्दल कलम आहे, साहेब. पायांबद्दल काही नाही.”

कुमुदताई निघाल्या, पण हातानं खुर्ची धरली होती. त्या खुर्ची ओढत दारापर्यंत गेल्या. तिथे हातानं खुर्ची सोडून चौकट पकडली. अर्धा प्रभाग त्या पाच बोटांत उतरला होता, आणि पकड अशी की लाकूड करकरलं. त्या घामाघूम होऊन उभ्या राहिल्या. हाताचा त्यांना राग आला नाही. आपल्या माणसांना एखादी गोष्ट हवी असली की ती अशी धरून ठेवता येते, याचासुद्धा त्यांना त्या क्षणी अभिमानच वाटला. मग त्यांनी डाव्या हातानं करंगळी सोडवली, तिच्या शेजारचं बोट सोडवलं, मधलं सोडवलं, आणि अंगठ्यापाशी आल्या तेव्हा आपोआपच बाहेर पडल्या.

आत आठ सदस्य उरले. गणपूर्ती मोडली. पुढची सभा सात दिवसांनी, आणि यात्रा चार दिवसांवर होती.

यात्रा महामार्गानं गेली. तीन दिवस प्रभाग नऊच्या दुकानदारांनी रेवड्यांवरच्या माश्या वारल्या. कुमुदताईंनी गिरणी बंद ठेवली आणि त्याही बाहेर ओट्यावर बसून राहिल्या. पूल समोर होता. त्यावरून कुणी गेलं नाही, त्यामुळे तो पडला असता की नाही हे कुणालाच कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

चौथ्या दिवशी लोक आले. पुढे हाजराबी होत्या.

“पूल पडला का, ताई?”

“नाही पडला.”

“मग?”

“मग काही नाही. नाही पडला.”

“तुम्ही चुकलात असं तरी म्हणा.”

“तसं मला वाटत नाही. वाटलं असतं तर तुमच्या दारात येऊन म्हटलं असतं.”

दुसऱ्या दिवसापासून गिरणीवर दळण यायचं बंद झालं. लोक बाजारातल्या गिरणीवर जाऊ लागले. आणि पुढच्या रविवारी सकाळी, प्रभागाच्या लेखी मागणीवरून, भंगाळे राजीनाम्याचा कागद घेऊन गिरणीवर हजर झाले. राजीनाम्यावरची सही हातच करतो, त्यामुळे कुमुदताईंना फक्त बसायचं होतं. प्रभाकररावांनी टेबल बाहेर आणून ठेवलं. समोरच्या रस्त्यावर, ओट्यांवर, सायकलस्टँडपाशी प्रभाग उभा राहिला.

“ताई, तयार?” भंगाळेंनी विचारलं.

“त्यांना विचारा,” कुमुदताई म्हणाल्या. त्यांनी इस्त्रीची साडी नेसली होती आणि पाठ ताठ होती. ही खुर्ची गेली तर जाऊ दे, पण याच माणसांनी ती काढून घेतली हे उद्या गल्लीतून चालताना विसरता येईल का, एवढाच त्यांच्या मनात विचार होता.

हातानं पेन उचललं. टोपण काढलं. निब सहीच्या जागेवर नेऊन टेकवलं. निळा ठिपका उमटला. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी झाली. ठिपका पसरून वाटाण्याएवढा झाला. मग हातानं पेन उचललं, टोपण चढवलं, ते नीट बसलंय का हे अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि पेन कागदावर आडवं ठेवून दिलं.

भंगाळेंनी नियमाप्रमाणे दहा मिनिटं वाट पाहिली आणि नोंदवहीत लिहिलं: ‘सही झाली नाही. टोपण लावण्यात आले.’

“मी तर सही करा असंच म्हणत होते,” हाजराबी म्हणाल्या.

“मीसुद्धा,” सायकलस्टँडवाला म्हणाला. रस्त्यावरच्या प्रत्येकानं शेजारच्याला तेच सांगितलं. सही नको होती असा एकही माणूस तिथे सापडला नाही.

कुमुदताईंनी कुणालाच काही विचारलं नाही. त्या उठल्या आणि गिरणीचं शटर त्यांनी वर केलं. मागे वळून पाहिलं तर राजीनामा बघायला आलेल्यांपैकी सात जणांच्या हातात दळणाचे डबे होते.

“आधी कुणाचं घेऊ?” त्यांनी विचारलं.

“माझं,” हाजराबी म्हणाल्या. “ज्वारी आहे. जरा बारीक काढा.”