काटोलची न पडलेली चौकी

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी काटोलच्या संत्रा बाजारात भारताची चौकी पडायची होती. ती पडली नाही.

डिसेंबर एकाहत्तर. युद्ध सुरू होतं, रात्री दिवे लावायची बंदी होती, म्हणून नागपूरच्या महाल भागातल्या नाट्यमंडळाने जवानांच्या मदतीचं नाटक भर दुपारी लावलं होतं. पहिल्या अंकात शत्रू चौकी घेतो आणि कॅप्टन बेपत्ता होतो. दुसऱ्यात त्याची बायको रडते. तिसऱ्यात चौकी परत मिळते. बायको झाली होती अरुंधती. आजवर तिच्या वाट्याला फक्त शेजारणी आल्या होत्या. आज मात्र रेडिओच्या नाटकांसाठी नट निवडणारे एक गृहस्थ खास तिचं रडणं ऐकायला आले होते. पुन्हा येणं जमणार नाही, हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं.

शत्रूचे मेजर गणपतराव, एरवी शाळेत चित्रकला शिकवणारे, पिस्तूल रोखून संत्र्याच्या पेट्यांच्या चौकीवर चढले. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या जिजाबाई उठल्या. त्यांचा मुलगा फौजेत होता. त्या सरळ रंगमंचावर गेल्या आणि एका पेटीवर मांडी घालून बसल्या.

"मावशी, उतरा नं खाली," मेजर कुजबुजले. "मले चौकी घ्याची हाय."

"घेऊन तं पाय! माहा पोरगा अशाच चौकीवर हाय."

"अवं, तिसऱ्या अंकात वापस देतो नं आम्ही."

"मंग घेता काहून?"

याचं उत्तर नाटकात लिहिलेलं नव्हतं. विंगेतून दिग्दर्शक मनोहरराव खेकसले, "गणपतराव, जिंका लवकर!"

"कसा जिंकू? तुम्हीच या अन् उचला मावशीले!"

प्रेक्षकांतून एक संत्रं आलं आणि मेजरच्या टोपीवर फुटलं. दुसरं हवेत असतानाच मेजरने हात वर केले. काटोलकरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मनोहररावांनी घाईघाईने पडदा पाडला.

"दुसरा अंक काटा," कॅप्टन झालेले भैयाजी म्हणाले. "मी बेपत्ता होऊ कसा? सारं गाव मले पाहून राहिलं."

"काटा?" अरुंधतीचा आवाज चिरकला. "भैयाजी, तुम्ही जिवंत राहिले तं माह्यं काय होईल?"

शेवटी मनोहररावांनी माइकवरून जाहीर केलं, की कॅप्टनसाहेबांची आत्ताच दुसऱ्या चौकीवर बदली झाली असून तिथून ते बेपत्ता आहेत.

"आता तं इथंच होता गा!" मागून कोणीतरी ओरडलं.

पडदा उघडला. कॅप्टनच्या घरात संत्र्याची एक पेटी तशीच होती आणि तिच्यावर जिजाबाई होत्या. पडद्याआड हे लोक चौकी देऊन टाकतील, असा त्यांना संशय होता. अरुंधतीने मनाचा हिय्या करून सुरुवात केली, "नाथ, आपलं पत्र का बरं आलं नाही?"

"माह्याही पोराचं नाही आलं वं," जिजाबाई म्हणाल्या. "महिना झाला." आणि अरुंधतीच्या डोळ्यांत पहिला थेंब यायच्या आत त्या ढसाढसा रडू लागल्या.

अरुंधतीने एकदा रेडिओच्या गृहस्थांकडे पाहिलं. एका रंगमंचावर दोघींनी रडून चालण्यासारखं नव्हतं. ती पेटीजवळ खाली बसली, पदराने जिजाबाईंचे डोळे पुसले आणि हळू आवाजात बोलत राहिली. बऱ्याच वेळाने जिजाबाई हसल्या. तिसरा अंक कोणी मागितलाच नाही.

गृहस्थ विंगेत आले. "तुमचं रडणं राहूनच गेलं," ते अरुंधतीला म्हणाले. "पण त्या बाईंशी जे बोललात, तेच सोमवारी माइकपुढे बोला. शब्दन् शब्द तसाच हवा."

परतीच्या बसमध्ये अरुंधतीने प्रत्येकाला विचारलं, "मी बोलली काय पण?"

"मले काय विचारता?" गणपतराव म्हणाले. "मी तं रडत होतो."

मनोहररावही रडत होते. भैयाजी बेपत्ता होते.

कळमेश्वर येईपर्यंत तिला पहिलं वाक्य आठवलं होतं: "मावशी, सकाळपासून काही खाल्लं का?" पुढचं अजून आठवायचं होतं.