लॅपटॉपचं कपाळ

अमरनाथला नांदेडच्या क्लासवाल्यांनी नाकारलं. आता हे वाक्य विसरा. अमरनाथही विसरलाय. गल्लीत कुणी विषय काढलाच तर तो म्हणतो, "कसली मुलाखत? कुठलं नांदेड?" आणि असा बघतो की विचारणारा आठवडाभर दुसऱ्या गल्लीतून जातो. तेव्हा आपणही काही झालंच नाही असं धरून त्या सकाळी साडेनऊला जाऊन उभं राहू.

लातुरात दगड भिरकावला तर तो एम. एस्सी. भौतिकशास्त्राच्या पोराला लागतो. अमरनाथ त्यातलाच एक. तीन वर्षं तो वडिलांच्या, म्हणजे मलप्पांच्या, भुसार दुकानात तूर मोजत होता. दुकान खाली, घर वर. नांदेडच्या एका क्लासचे नरसिंग सर आज अकराला त्याचं लेक्चर लॅपटॉपवरून ऐकणार होते. आवडलं तर नोकरी, नाही तर तूर. विषय त्यांनीच दिला होता: बिनतारी लहरी.

आणि साडेनऊला लॅपटॉपचं वायफाय चालूच होईना.

"लहरी शिकवणारा मी," अमरनाथ दात खात म्हणाला, "आणि मलाच लहरी न्हाई?"

त्यानं लॅपटॉप चार वेळा बंद करून चालू केला. मग रागानं भिंतीवरच्या वायफायच्या डब्याची वायर उपटली. लगेच जिन्यातून मलप्पांचा आवाज आला.

"काय करून राहिला रे? दुकानाच्या कॅमेऱ्यात तूर दिसंना."

"अप्पा, तूर तुमच्या म्होरं हाय. डोळ्यानं बघा."

"डोळ्यानंच बघायचं असतं तर कॅमेरा कशाला घेतला असता?"

वायर परत लागली, कॅमेऱ्यात तूर आली, लॅपटॉप मात्र तसाच. मोबाइलवरून लेक्चर द्यावं तर आकृत्या सगळ्या लॅपटॉपात. मोबाइलचं नेट लॅपटॉपला द्यावं तर तेही वायफायमधूनच जाणार. लॅपटॉपच्या कंपनीला फोन लावला. तिथली बाई म्हणाली, आमच्या संकेतस्थळाला भेट द्या. अमरनाथनं तिला जिथं जायला सांगितलं ते स्थळ कुठल्याच नकाशात नाही.

शेवटी दहा चाळीसला व्यंकटीला बोलवावं लागलं. व्यंकटी अमरनाथचा शाळासोबती. दहावीला दोनदा बसला, दोनदा उठला, आणि आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्यानं लॅपटॉपकडं बघितलं, फडक्यानं बटनं पुसली आणि एक बटन दाबलं. वायफाय आलं.

"काय केलास?"

"विमानाचं बटन हाय हे. दाबलं की लॅपटॉपला वाटतंय आपून विमानात बसलाव. मग त्यो समदी लाइन बंद करून गप बसतंय."

"मी कवाच दाबलं न्हाई."

"मला काय म्हाईत. पर वरच्या रांगंत ही राख कशाची?"

राख नव्हती. विभूती होती.

"अव्वा!"

अमरनाथची आई, गुरम्मा, विभूतीची वाटी घेऊनच आली. पूजा झाली की ती तीन बोटं बुडवून देवाला, नवऱ्याला, तराजूला, तिजोरीला, स्कूटरला आणि शेवटी लॅपटॉपला विभूती ओढते. वर्षानुवर्षांचा शिरस्ता. कालपर्यंत ती काचेवर ओढायची.

"तूच म्हणलास की काल, काचंवर लावू नको, डाग पडतेत. मग काचंच्या खालचं कपाळ धरलं."

"ते कपाळ न्हाई अव्वा. बटनं हायत."

"मग कपाळ कुठाय?"

एम. एस्सी.ला हा प्रश्न कधी आला नव्हता. "लॅपटॉपला कपाळच नसतंय," तो म्हणाला.

"आन् तू त्याच्यावर नोकरी धुंडाळून राहिलास?"

व्यंकटी चहा पिऊन हसत गेला. अकराला पाच कमी असताना अमरनाथनं लेक्चरची जोडणी केली. 'थोड्याच वेळात आत घेतले जाईल' असं आलं. तो इस्त्रीचा शर्ट घालायला आत गेला.

गुरम्मानं लॅपटॉपकडं बघितलं. व्यंकटीनं विभूती पार पुसून टाकलेली. एवढ्या मोठ्या कामाला निघालेला लॅपटॉप, आणि तो असा उघडा बोडका. तिनं पुन्हा तीन बोटं बुडवली. सकाळची पुसली गेली म्हणून ह्या खेपेला तीनदा ओढली, आणि दाबून.

अमरनाथ परत आला तर काच काळी आणि बटनांवर पुन्हा विभूती. विमानाचं बटन त्याला आता ठाऊक होतं. त्यानं दाबलं. वायफाय आलं, जोडणी आपसूक पुढं सरकली, नरसिंग सरांनी त्याला आत घेतलं. अमरनाथला मात्र यातलं काही कळलं नाही, कारण गुरम्माची बोटं उजेडाच्या आणि आवाजाच्या बटनांवरूनही फिरली होती. काच काळीठिक्करच, आवाज शून्य. लॅपटॉप मेला असं धरून त्यानं तोंड उघडलं.

"अव्वा, हे यंत्र हाय, नंदी न्हाई! तीन वर्षं तूर मोजली मी. त्या टकल्या नरसिंगाला सर सर म्हणून जीभ झिजली माझी. त्याला सोताला लहरी कशाला म्हणतेत म्हाईत न्हाई, अन् त्यो माझी परीक्षा घेणार हुता!"

"मोठ्या माणसाला असं बोलू न्हाई," गुरम्मा शांतपणे म्हणाली. "टक्कल हाय तर काय बिघडलं? लई जागा असते. विभूती कशी ठसठशीत दिसंल."

दहा मिनिटं हे चाललं. नंदी, तूर, टक्कल, पुन्हा तूर. मग मोबाइल वाजला.

"अमरनाथ," पलीकडून नरसिंग सर म्हणाले, "आम्ही पाचजण तुम्हाला पहिल्यापासून ऐकून राहिलो. दिसता बी हाव."

"सर, ते मी..."

"तुमचं काही समजलं नाही. तुमच्या आईचा मुद्दा मात्र एकदम स्वच्छ. त्या कुठं शिकवतात का?"

दुपारी अमरनाथनं लॅपटॉप कंपनीला पत्र लिहायला घेतलं. पेन इतकं दाबत होता की खालची चार पानंही लिहून निघाली. गुरम्मा शेजारी बसून तारीख-वार सांगत होती.

"प्रति, मा. व्यवस्थापक, यंत्र आराखडा विभाग. विषय: लॅपटॉपला कपाळ देण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या यंत्रास कपाळ नसल्याने अर्जदाराचे कायमस्वरूपी नुकसान झाले आहे. तरी यापुढील सर्व यंत्रांना बटनविरहित, किमान तीन बोटे रुंद कपाळ देण्यात यावे, आणि अर्जदाराच्या यंत्रास ते आपल्या अभियंत्यामार्फत, सोमवारी, पूजेच्या आत, आंघोळ करून येऊन बसवून द्यावे, ही नम्र विनंती."