पॅक दिसला पाहिजे

आमच्या समोरच्या फ्लॅटमधला श्रीरंग देवधर खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीचं लेबल समोरच्याला दिसेल अशा बेतानं पितो. समोर कोणी नसलं तरीही. आमच्याकडे चहाला आला की आधी बिस्किटांचा पुडा वळवून नीट उभा करणार, मग बिस्किट घेणार. आमच्या हिनं एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाला, "काकू, शेवटी पॅक दिसला पाहिजे. बाकी सगळं पाल्हाळ."

श्रीरंग जाहिरातींचा दिग्दर्शक आहे. हे वाचून तुमच्या डोळ्यांपुढं गॉगल आणि मोठी गाडी आली असेल तर ती कृपया परत पाठवा. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत राहून हा गृहस्थ इतकी वर्षं फरसाण, गाद्या, बारावीचे क्लास आणि विश्रांतवाडीचे वन बीएचके विकतोय. मार्केट यार्डातल्या एका गूळवाल्यानं त्याला अट घातली होती की, जाहिरातीत घरची सगळी माणसं आली पाहिजेत. घर एकत्र, माणसं खंडीभर. श्रीरंगनं सगळ्यांना वीस सेकंदांत कोंबलं. थोरल्या सूनबाईंचा अर्धाच चेहरा आला म्हणून त्या घरात पुढं बरंच रामायण झालं म्हणे. ढेप मात्र अख्खी दिसत होती.

"एक मोठी कंपनी मिळू दे काका, वर्षाचं काम हातात आलं की मी सिनेमाला मोकळा," हे वाक्य मी त्याचे केस काळे होते तेव्हापासून ऐकतोय. आता केसच राहिले नाहीत.

त्याचे वडील भाऊ टपाल खात्यातून निवृत्त झालेले. मुलगा काय करतो असं कोणी विचारलं की "जाहिराती करतो" असं सांगायचे, ते अशा सुरात की विचारणाऱ्यानं लगेच हवापाण्याकडे वळावं. मुलाच्या कामाची त्यांनी केलेली सर्वांत मोठी तारीफ म्हणजे, "आवाज नीट ऐकू आला." दीड वर्षापूर्वी श्रीरंगची आई गेली आणि भाऊंचं तेवढं बोलणंही आटलं. घरात दोघंच. भाऊंना त्यांचेच शर्ट मोठे होऊ लागले.

अशात श्रीरंगकडे खरोखरच मोठी कंपनी आली. मुंबईची, थालीपिठाची भाजणी विकणारी. एक नमुन्याची जाहिरात करून दाखवायची, पसंत पडली तर वर्षभराचं काम. आजोबा थालीपिठाचा घास घेतात, खूश होतात, शेवटी पॅक. संपलं. दुपारचं ऊन आमच्या स्वयंपाकघरात चांगलं येतं, म्हणून शूटिंग आमच्याकडे ठरलं. आम्हाला विचारलं नव्हतं, कळवलं होतं. थालीपिठं लावायला आमची ही. आजोबा म्हणून भाऊ. मी म्हटलं, अरे, एखादा कसलेला नट घे, आयुष्याचा प्रश्न आहे. तो म्हणाला, "भाऊच." पुढं बोलायची सोयच ठेवली नाही.

आता या धंद्याची एक रीत आहे. एकच घास दहादहा वेळा घ्यावा लागतो, त्यामुळे 'कट' म्हटलं की नट तो थुंकून टाकतो. त्यासाठी भाऊंच्या पायाशी बादली ठेवली होती. भाऊंनी बादलीकडे बघितलं, मग मुलाकडे.

"अन्न थुंकायचं?" एवढंच म्हणाले आणि घास गिळून मोकळे झाले.

तिसऱ्या घासालाच कंपनीचा माणूस खूश झाला. अगदी छान झालं, आता पॅक घेऊया म्हणाला. श्रीरंग म्हणाला, अजून एकदा. मग लोणी घसरलं म्हणून एकदा. मग भुवई वर गेली म्हणून. ही तव्यापाशी घामाघूम, कंपनीचा माणूस सारखा घड्याळात बघतोय आणि भाऊ आपले खातायत. मधेच त्यांनी दही मागितलं. श्रीरंगनं तेही चित्रात बसवलं. शेवटी ऊन समोरच्या इमारतीमागं गेलं, अंधारून आलं, आणि भाजणीचं पाकीट आमच्या फ्रिजवर होतं तिथंच राहिलं. जन्मभर बिस्किटांचे पुडे वळवणारा माणूस पॅक घ्यायला विसरला! आठवड्याभरात कंपनीनं काम मुंबईतच दुसऱ्या कोणाला तरी दिलं.

मी तडक त्याच्या घरी गेलो आणि त्याला चांगलं फैलावर घेतलं. अरे, हातातोंडाशी आलेलं घालवलंस, तुला काही अक्कल? तो ऐकून घेत होता. भाऊ आत झोपले होते, म्हणून हळू आवाजात म्हणाला, "काका, आई गेल्यापासून भाऊ अर्ध्या पोळीवर उठतात. डॉक्टर झाले, टॉनिक झालं, भांडून झालं. त्या दिवशी तिसऱ्या घासाला माझ्या लक्षात आलं, हे जेवतायत. मग थांबवू कसं?"

मी तिथंच खुर्चीवर बसलो. जे काय सुनावायला गेलो होतो ते सगळं विसरलो. पॅक विसरला नव्हता तो, हे मला तेव्हा कळलं.

भाऊंना त्यानं सांगितलंय की कंपनीला काम फार आवडलं, आता रोज तालीम करायची. दुपारी बारा वाजले की तो जेवणाच्या टेबलासमोर कॅमेरा लावतो. सुरू करत नाही. आमच्या दारापर्यंत त्याचं "अॅक्शन" ऐकू येतं आणि मग ताटवाटीचा आवाज.

परवा भाऊंनी मला जिन्यात गाठलं. किती दिवसांनी आपणहून बोलले.

"अहो जोशी, या कंपनीनं रोज थालीपीठच काय लावलंय? उद्याच्या सीनला पिठलं ठेव म्हणावं. मी सांगितलं तर म्हणेल, नटानं नटासारखं राहावं. तुम्ही सांगा. आणि भाकरी गरम पाहिजे."

मी श्रीरंगला जाऊन सांगितलं. त्यानं पायांत चपला सरकवल्या आणि बेसन आणायला गेला.